पायाशी बसणारी

मी तिच्यावर जळत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लिहीन त्यातलं किती धरायचं आणि किती सोडायचं ते वाचणाऱ्याला ठरवता येईल. पंचाऐंशीव्या वर्षी मोठ्या मनाचा आव आणण्यात काही अर्थ नाही. ती जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तिच्या दहाव्याला दवाखान्यातले सगळे गेले होते. मी गेले नाही. मला त्या दिवशी काही काम नव्हतं.

तिचा विषय निघाला तो माझ्या नातसुनेमुळे. ती भूल देणारी डॉक्टर आहे. परवा जेवताना सांगत होती की पाठीत इंजेक्शन दिलं की ते लागू झालं की नाही हे बघायला पायाच्या अंगठ्याला एक चिमटा लावतात. त्याची वायर यंत्राला जोडलेली असते. पायातलं रक्त वाढलं की पडद्यावर दिसतं.

"कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात ना आजी, मग पायात रक्त जास्त उतरतं. पाय गरम होतात. पेशंटला बधिर वाटायच्या आधी आम्हाला कळतं."

मी विचारलं, "एकाच पायाला लावता की दोन्ही?"

"एकाच."

"मग तुमचं यंत्र अर्धं आहे," मी म्हटलं आणि ताक मागितलं.

तिला वाटलं म्हातारी काहीतरी बरळली. पण मला पुढचं जेवण गेलं नाही. साठ वर्षांनी यंत्रंसुद्धा त्या बाईच्याच बाजूने बोलायला लागली होती.

तेव्हा नाशकात एका डॉक्टरांचा खासगी दवाखाना होता. खाली तपासायची खोली, वर सहा खाटा, आणि मागच्या बाजूला पूर्वेच्या दोन मोठ्या खिडक्यांची ऑपरेशनची खोली. सकाळचं ऊन आत आहे तोवर ऑपरेशनं उरकायची असा तिथला शिरस्ता होता. मी चौथी पास होते. आमचे हे भांड्यांच्या दुकानात होते, घरात सासू होती, तोवर मूल नव्हतं. त्यामुळे मला नोकरी करू दिली. स्टोव्हवर हत्यारं उकळायची, बोळे मोजून ठेवायचे आणि डॉक्टर मागतील ती बाटली काढून द्यायची. कंपाउंडरने बाटल्यांवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. त्या वाचता येणारी तिथली बाई मी एकटीच. याचा मला तोरा होता. तो लपवायचाही मी प्रयत्न करत नव्हते.

ती फरशी पुसायला होती. नदीपलीकडच्या मळ्यातली. नवरा गेला, दिराने मळा आपल्या ताब्यात घेतला आणि ही रोज चालत दवाखान्यात यायला लागली. उंच, काळी, हाडापेराने मोठी. पायांच्या टाचा इतक्या भेगाळलेल्या की फरशीवर चालली की खरखर ऐकू यायची. पण हात बघावे तर एखाद्या बसून खाणाऱ्या बाईचे. याचं कारण नंतर कळलं. ती हातांना फार जपायची. गरम भांडं पदराने धरायची. मिरची कुटायला शेजारणीला सांगायची. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात हात घालायचं काम आलं की मला हाक मारायची.

"मास्तरीणबाई, तेवढं सोड्याचं तू कर. माझे हात भाजत्यात."

"आणि माझे काय दगडाचे आहेत?"

"तुला वाचायला डोळे लागत्यात. हाताचं तुला काय?"

मास्तरीण हे नाव तिनेच मला ठेवलं. पुढे कंपाउंडरसुद्धा तसंच म्हणायला लागला.

तिची आणखी एक तऱ्हा होती. ती माणसाच्या तोंडाकडे बघायचीच नाही. पायांकडे बघायची. दवाखान्याच्या पायऱ्या चढणारा माणूस तिला चेहऱ्यावरून ओळखू यायचा नाही, पायावरून यायचा. "परवाचा तो वाकड्या करंगळीचा आलाय," असं ती डॉक्टरांना सांगायची. एकदा माझी सासू मला काही द्यायला आली, तर ही तिच्या पायांकडे बघून म्हणाली, "आत्याबाई, डाव्या पायाला मुंग्या येत्यात ना?" सासूला खरंच येत होत्या. त्या दिवसापासून घरी माझी सासू तिची तारीफ करायला लागली. दवाखान्यात ऐकावं लागत होतंच, आता घरीही.

आता ती पायाशी कशी बसली ते सांगते.

आमचे डॉक्टर मुंबईहून पाठीत भूल द्यायला शिकून आले होते. माणसाला बसवायचं, वाकवायचं, मणक्यांच्या मधे लांब सुई घालून औषध सोडायचं आणि पुन्हा आडवं करायचं. माणूस जागा राहतो आणि कमरेखाली त्याला काही कळत नाही. पण खरोखरच कळत नाही की कळतंय, हे ठरवायचं कसं? डॉक्टर टाचणी टोचायचे आणि विचारायचे, "लागतं का?" यातच सगळा घोटाळा होता. भित्रा माणूस टाचणी लागायच्या आधीच ओरडायचा. आणि खेड्यातला माणूस डॉक्टरांपुढे लागतं म्हणायला लाजायचा. बायका तर परक्या पुरुषाला उत्तरच द्यायच्या नाहीत, मान हलवायच्या, आणि ती मान हो म्हणते की नाही हे देवालाच ठाऊक.

वणीकडचा एक शेतकरी अंतर्गळाच्या ऑपरेशनला आला होता. मोठा सभ्य माणूस. डॉक्टरांनी टाचणी टोचली.

"लागतं का?"

"नाय साहेब."

"नक्की?"

"तुम्ही करा साहेब. तुमचा येळ कशाला मोडायचा."

डॉक्टरांनी सुरी लावली आणि तो सभ्य माणूस टेबलावरून अर्धा उठला. त्याची किंकाळी खाली रस्त्यावर टांग्याच्या घोड्याने ऐकली असेल. कंपाउंडरने आणि मी त्याला दाबून धरलं. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. तेवढ्यात दाराशी बादली घेऊन उभी असलेली ही म्हणाली, "त्याचे पाय कोरडे व्हते. मी पुसताना हात लागला तवाच कळलं."

"कोरडे म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हणजे अजून पाणी आलं नव्हतं."

दुसऱ्या कोणी असं मधे बोललं असतं तर डॉक्टरांनी हाकललं असतं. पण त्यांनी बादली खाली ठेवायला लावली, हात धुवायला लावले आणि म्हणाले, "दाखवा." तिने त्या माणसाचे दोन्ही अंगठे दोन मुठींत धरले आणि डोळे मिटून उभी राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "आलं." डॉक्टरांनी सुरी लावली. तो माणूस छताकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आता बरं हाय साहेब."

दुसऱ्या दिवशी टेबलाच्या पायथ्याशी तिच्यासाठी एक स्टूल आलं. टाचणी कपाटात गेली.

ते स्टूल मी चार महिने मागत होते. हत्यारं उकळून माझी कंबर धरायची. डॉक्टर म्हणायचे, "ऑपरेशनच्या खोलीत बसायचं नसतं बाई." मला ते बाई म्हणायचे. तिला त्या दिवसापासून मावशी म्हणायला लागले.

पाणी आलं हा तिचा शब्द मळ्यातला. मळ्यात पाटाचं पाणी एकेका वाफ्यात सोडतात, त्याला दारं धरणं म्हणतात. वरच्या वाफ्याचं दार मातीने बंद करायचं, खालच्याचं उघडायचं. ती लहानपणापासून दारं धरत आली होती. ती सांगायची की वाफ्याच्या टोकाला अनवाणी उभं राहिलं की पाणी दिसायच्या आधी मातीतून तळपायाला कळतं. "माती आधी थरथरती, मंग गार व्हती, मंग पाणी येतं. इथं उलटं हाय. इथं गरम येतं. बाकी सगळं तेच." पाठीत दिलेल्या सुईने वर कुठलंसं दार उघडतं आणि रक्त पायांकडे सुटतं, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. डॉक्टरांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "मावशी, मला परीक्षेत इतकं सोपं लिहिता आलं असतं तर पहिला आलो असतो." मी तेव्हा बोळे मोजत होते. माझी मोजणी चुकली.

तिचं काम बघण्यासारखं होतं हे मी नाकारत नाही. आधी गार-गरमाचं माप म्हणून स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरायची. मग रोग्याचा अंगठा. मग अंगठ्याचं नख दाबायचं आणि सोडायचं. दाबलं की नखाखाली पांढरं होतं, सोडलं की लाल परत येतं. ते किती लवकर येतं हे बघायची. मग पावलावरची शीर बोटाने चाचपायची. आधी शीर सपाट असते, नंतर गांडुळासारखी फुगून वर येते. एवढं सगळं झाल्यावर म्हणायची, "पाणी आलं." तोवर डॉक्टर सुरी घेऊन नुसते उभे. मुंबईत शिकलेला माणूस फरशी पुसणाऱ्या बाईच्या तोंडाकडे बघत उभा राहतो, हे मला रोज बघावं लागायचं.

रोग्यांना काही कळायचं नाही. त्र्यंबकेश्वरचे एक गुरुजी टेबलावर होते. हिने "पाणी आलं" म्हटल्याबरोबर ते दचकून म्हणाले, "कुठं? गोदेला पूर आला की काय? मला आधी बाहेर न्या!" डॉक्टरसुद्धा हसले. मी नाही हसले.

मी घरी प्रयोग केले. आमचे हे झोपले की त्यांचा अंगठा धरून बसायची. ते म्हणायचे, "काय चाललंय?" मी म्हणायची, "काही नाही, डास होता." मला गरम कळायचं, गार कळायचं. पण गारातून गरम होतं ती वेळ कळायची नाही. माझे हात सोड्याने आणि जंतू मारायच्या कार्बोलिकने राठ झाले होते. तिचे हात मऊ राहिले ते माझ्यामुळे, कारण तिचं सोड्याचं काम मीच करत होते. हे मला ज्या दिवशी उमगलं त्या दिवशी मी जिन्यात बसून रडले. वाईट वाटून नाही, संतापाने.

एकदा तिने आपण होऊन म्हटलं, "ये मास्तरीण, इकडं हात दे. दाखवते."

मी म्हटलं, "मला माझी कामं आहेत."

आता जे सांगणार आहे ते मी कोणालाही सांगितलेलं नाही.

हिवाळा होता. नाशकाची थंडी तेव्हा हाडात जायची. मालेगावचा एक म्हातारा विणकर मुतखड्याच्या ऑपरेशनला आला होता. मोठा गोड माणूस. "बेटी, पाव बिल्कुल बर्फ झालेत," असं म्हणायचा. सकाळी ऑपरेशनला न्यायच्या आधी मी रबरी पिशवीत कढत पाणी भरलं आणि त्याच्या पायांशी पांघरुणाखाली ठेवली. टेबलावर नेईपर्यंत ठेवली. सुई दिल्यावर त्याला आडवं केलं, तेव्हा चादर नीट करायच्या निमित्ताने पुन्हा ठेवली, आणि ती हात धुऊन यायच्या आत काढून घेतली. म्हातारा म्हणाला, "अल्ला तुझं भलं करो." मी थंडीसाठी पिशवी दिली नव्हती. ती गरम पायांना हात लावील, पाणी आलं म्हणेल, डॉक्टर सुरी लावतील आणि म्हातारा ओरडेल. मग तिचं स्टूल जाईल. म्हाताऱ्याला किती लागेल हे मला माहीत होतं. वणीच्या माणसाला मीच दाबून धरलं होतं. तरी मी पिशवी दिली.

ती येऊन स्टुलावर बसली. कानाची पाळी धरली. मग अंगठे धरले. मी स्टोव्हशी उभी राहून बघत होते. पायांना घाम फुटला होता इतके ते गरम होते.

डॉक्टर म्हणाले, "काय मावशी, पाय काय म्हणतात?"

तिने नख दाबलं, शीर चाचपली. मग म्हणाली, "हे शेकलेलं हाय. वरून तापलंय, आतून कोरडंच हाय. मला गार फडकं द्या."

गार फडकं मीच दिलं. दुसरं कोण देणार? तिने दोन्ही पावलं ओल्या फडक्यात गुंडाळली, निवू दिली, पुसली आणि पुन्हा धरली. बराच वेळ गेला. मग म्हणाली, "डाव्यात आलं." आणखी थोड्या वेळाने, "उजव्यात आलं. करा आता." म्हातारा ओरडला नाही. त्याचा खडा सुपारीएवढा निघाला.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी हातमोजे काढत विचारलं, "पायाला शेक कोणी दिला होता?" त्यांचा आवाज चांगला नव्हता. त्यांच्याखेरीज खोलीत आम्ही तिघंच होतो. कंपाउंडर, मी आणि ती.

ती म्हणाली, "मीच दिला. थंडी लय व्हती."

"मावशी, निदान तुम्हाला तरी कळायला हवं होतं! केवढा अनर्थ झाला असता!" डॉक्टर तिच्यावर पहिल्यांदा आणि शेवटचे ओरडले.

म्हणजे मला पाहिजे होतं ते झालं. तिला बोलणी बसली. मला वाटलं होतं बरं वाटेल. काहीही वाटलं नाही. उलट जास्तच जळायला लागले, कारण आता चांगुलपणासुद्धा तिच्याकडेच गेला होता.

नळावर ती पाय धूत होती. मी हत्यारं घेऊन गेले. माझ्या तोंडाकडे न बघता, पायांकडे बघत म्हणाली, "मास्तरीण, पुढच्या वेळी एकाच पायाला दे."

"काय?"

"पाणी कधी दोन वाफ्यांत एकदम येत नसतं. एका बाजूला आधी, दुसऱ्या बाजूला मागून. त्याचे दोन्ही पाय सारखेच तापले व्हते. मला हात लावल्याबरोबर कळलं."

एवढं बोलून गेली. माफ केलं असंही म्हणाली नाही. सांगीन असंही म्हणाली नाही. माझ्या लबाडीत कामाची चूक कुठे झाली तेवढं सांगितलं, शिकाऊ पोरीला सांगावं तसं. मी तिच्याकडून शिकले ते एवढंच, आणि तेही असं.

पुढच्या वर्षी माझ्याच पोटात गाठ निघाली. नारळाएवढी झाली होती आणि मी ती लुगड्याच्या निऱ्यांत लपवत होते. बायकांना वाटत होतं दिवस गेले. शेवटी डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, काढावी लागेल.

टेबलावर पडायची मला भीती वाटली नाही. हत्यारं कोणती आणि किती वेळ उकळली हे मला माहीत होतं. एकाच गोष्टीने जीव जात होता, की ती माझ्या पायाशी बसणार. मी डॉक्टरांना म्हटलंसुद्धा, "मला सगळं कळतं. मीच सांगीन तुम्हाला बधिर झालं की. तिला बसवायची गरज नाही."

डॉक्टर म्हणाले, "मावशी बसतीलच."

सुई दिली. आडवं केलं. डोळ्यांवर फडकं टाकलं. पायांना तिचे हात लागले. गरम, मऊ, माझ्या जिवावर मऊ राहिलेले हात. मी पाय आखडून घेतले.

"पाय सैल सोड," ती म्हणाली.

वेळ गेला. ती म्हणाली, "कोरडं." आणखी वेळ गेला. "कोरडंच." खिडकीतलं ऊन सरकत होतं, ते मला फडक्याच्या कडेतून दिसत होतं. डॉक्टर येरझाऱ्या घालायला लागले. शेवटी म्हणाले, "बाई, तुम्ही इथल्याच आहात. तुम्ही खरं सांगाल." आणि चिमट्याने माझ्या पोटाचं कातडं धरलं. "लागतं?"

लागलं. चांगलंच लागलं. डोळ्यांत पाणी आलं, ते फडक्यात जिरलं. मी दात आवळले आणि म्हणाले, "नाही."

का म्हणाले? मला एकदा, एकदाच, तिच्या शब्दाशिवाय त्या खोलीत काहीतरी सुरू व्हायला हवं होतं. ते माझं पोट फाडणं असलं तरी चालणार होतं.

"नक्की?" डॉक्टरांनी पुन्हा चिमटा काढला.

"नक्की. करा तुम्ही." वणीचा माणूस मला त्याच क्षणी आठवला. पण मी सभ्यपणाने नाही म्हणत नव्हते.

"मग करू या," डॉक्टर म्हणाले. ट्रेमधून सुरी उचलल्याचा आवाज मी ओळखला. ती सुरी मी आदल्या दिवशी उकळली होती.

पायाकडून आवाज आला, "ती खोटं बोलती."

"मावशी, तिचं शरीर आहे. ती स्वतः सांगतेय."

"सांगू द्या. डावा गार हाय, उजवा त्याच्याहून गार हाय. सुरी ठेवा डॉक्टर."

"मला काही लागत नाही!" मी ओरडले. "तिला काय कळतं? ती फरशी पुसणारी!"

मी श्वास धरून वाट बघत होते. आता ठरणार होतं. माझं पोट, माझं कातडं, माझं दुखणं, आणि त्याबद्दल माझा शब्द खरा की तिचा. मग ट्रेमध्ये सुरी परत ठेवल्याचा टण् असा आवाज आला.

मी आयुष्यात बरेच अपमान सोसले आहेत. पण तो टण् मला अजून ऐकू येतो.

तिने माझे पाय सोडले नाहीत. आणि मग डाव्या अंगठ्यात काहीतरी झालं. उन्हाने तापलेल्या पाण्यात पाय टाकावा तसं ऊन ऊन, अंगठ्यातून बोटांत, बोटांतून तळव्यात, मग घोट्याकडे. मी इतके दिवस ते दुसऱ्यांच्या पायांत होताना बघितलं होतं, आणि मनातून मला वाटायचं की ती नाटक करते. मी तोंड मिटून पडून राहिले. सांगितलं नाही. आता तरी चुकू दे, आता तरी उशीर होऊ दे, असं मनात म्हणत होते.

"डाव्यात आलं," ती म्हणाली.

मग उजव्यातही तसंच आलं. आणि नंतर पाय माझे राहिलेच नाहीत. तिचे हात होते की गेले तेही कळेना. तिचा आवाज तेवढा ऐकू आला. "पाणी आलं."

गाठ निघाली. पोटाला दोरा घातला. मी जगले हे उघडच आहे.

चौथ्या दिवशी ती खाटेशी फरशी पुसायला आली. पायाशी बसायचं काम आलं तरी फरशी पुसायचं तिने सोडलं नव्हतं. मी म्हटलं, "तू कशाला मधे पडलीस? कापू द्यायचं होतं. मी खोटं बोलले होते, मला शिक्षा झाली असती."

ती फडकं पिळत म्हणाली, "मला तुझं काय करायचंय? तू ओरडली असतीस. डॉक्टर म्हणाले असते, मावशी बसल्या असताना माणूस ओरडलं. माझा हात खोटा पडला असता."

त्या बाईत गोडवा नव्हता, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. लोक तिला नंतर देवी करायला निघाले होते.

ती दवाखाना सोडून गेली ती अशीच, एका सकाळी. दिराला अर्धांगवायू झाला होता, मळ्यावर दारं धरायला कोणी नव्हतं. तिने कंपाउंडरकडे निरोप ठेवला आणि आलीच नाही. डॉक्टर टांगा करून स्वतः मळ्यावर गेले. कंपाउंडरही गेला होता, त्याने येऊन सांगितलं. ती गुडघाभर चिखलात उभी होती. डॉक्टर म्हणाले, "मावशी, तुमच्याशिवाय माझं अडतंय." ती म्हणाली, "तुमच्याकडं मास्तरीण हाय. तिला कळतं. आत येतं ते तिला आतून ठाऊक हाय, मला तर नुसतं बाहेरून." आणि फावड्याने दार बंद करून पुढच्या वाफ्याकडे गेली.

म्हणजे मला स्टूल मिळालं तेसुद्धा तिच्या शिफारशीने.

मी त्या स्टुलावर अकरा वर्षं बसले. सोड्याचं काम दुसऱ्या बाईकडे दिलं, रात्री हातांना तेल चोळलं. पाळी धरायची, अंगठा धरायचा, नख दाबायचं, शीर बघायची, आधी एक पाय, मग दुसरा. माझं चुकलं असं सहसा झालं नाही. तिचा शब्द मात्र मी कधी तोंडातून काढला नाही. डॉक्टर विचारायचे, "काय बाई, पाय काय म्हणतात?" मी सांगायची, "दोन्ही गरम झाले."

"छान," डॉक्टर म्हणायचे. आणि कपाटातून पुन्हा ट्रेमध्ये आलेली टाचणी उचलायचे.